स्पोर्ट एटीव्ही घ्यायचीय? ट्रेल, उड्या आणि नाशिकचा मुरूम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वाड म्हणजे चार चाकांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली एटीव्ही. ती टेम्पोतून उतरवली की आजूबाजूची पोरं पहिला प्रश्न विचारतात, "दादा, किती पळते?" मोठी माणसं विचारतात, "केवढ्याला पडली?" खरा पहिला प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही : चालवणार कुठे? आम्ही चार-पाच जण सिन्नरच्या बाजूला एका मित्राच्या मुरमाड पडीक रानात बरीच वर्षं क्वाड पळवतोय. फोनवर तीच तीच उत्तरं द्यायचा कंटाळा आला, म्हणून लिहून काढतोय. क्रम मला महत्त्वाचा वाटला तसा लावलाय.

मी रिसॉर्टवर एटीव्ही चालवलीय. स्पोर्ट एटीव्ही म्हणजे तीच ना, जरा मोठी?

नाही. त्र्यंबक रोडला किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला पैसे भरून दहा मिनिटं फिरवतात त्या बहुतेक छोट्या ऑटोमॅटिक गाड्या असतात. अंगठा दाबला की पुढे, ब्रेक मारला की थांबली. शेतावर आणि बर्फात कामाला येणारी युटिलिटी एटीव्ही हा आणखी वेगळा प्रकार. तिला पुढे-मागे कॅरिअर असतं, बेल्टवरचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन असतं, बऱ्याचदा चारही चाकांना ताकद मिळते. ती ओझं ओढायला आणि हळूहळू चढायला बनवलेली असते.

स्पोर्ट एटीव्ही बसकी, रुंद आणि हलकी. मागच्या दोनच चाकांना चेननं ताकद, हातात क्लच, पायात पाच गिअर. पुढे प्रत्येक चाकाला दोन ए-आर्म (चाक फ्रेमला जोडणारे त्रिकोणी दांडे) आणि स्वतंत्र शॉकअप, मागे स्विंगआर्म (मागचा एक्सल धरणारा, वर-खाली हलणारा सांगाडा) आणि मधोमध एकच मोठा शॉकअप. मागचा एक्सल सलग असतो, त्याला डिफरन्शियल नसतं. म्हणजे वळताना आतलं आणि बाहेरचं चाक सारख्याच वेगानं फिरतं आणि गाडी सरळ जायचा हट्ट धरते. अंग आत झोकून, बाहेरच्या फूटरेस्टवर पाय रोवून, मागची चाकं थोडी घसरवून तिला वळवावं लागतं. दहा मिनिटांच्या रिसॉर्ट राइडमध्ये हे कळत नाही.

चालवणार कुठे? नाशिकला तर डोंगरच डोंगर आहेत.

डोंगर आहेत, पण ते आपल्या बापाचे नाहीत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पट्ट्यातला मोठा भाग वनखात्याचा आहे, आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय गाडी घालणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. अंजनेरी आणि बोरगड ही तर संवर्धन राखीव क्षेत्रं. अंजनेरीच्या पठारावर त्या डोंगराच्याच नावानं ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची एक दुर्मीळ जात आहे आणि कड्यांवर गिधाडं आहेत. तिथं क्वाड नेऊन व्हिडिओ काढणाऱ्याशी मी बोलत नाही. नांदूरमध्यमेश्वर म्हणजे २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा ठरलेलं अभयारण्य. तिकडचा गाळपेराही डोक्यातून काढून टाका.

देवळाली कॅम्पच्या पलीकडची मोकळी माळरानं बघून पुष्कळांच्या तोंडाला पाणी सुटतं. तो लष्कराच्या तोफखान्याच्या सरावाचा भाग आहे. न फुटलेला गोळा जमिनीत असू शकतो, आणि त्याला तुमच्या गाडीचा ब्रँड कळत नाही.

मग उरतं काय? खासगी जमीन. मालकाला विचारून, शक्यतो लेखी परवानगी घेऊन. सिन्नर, येवला या कोरड्या बाजूला मुरमाड पडीक जमिनी मिळतात. मुरूम बसतो घट्ट, पाणी धरत नाही आणि उडीचा चढ कापला तर टिकतो. निफाड-पिंपळगावची काळी माती पिकाला सोनं, पण आपल्याला निरुपयोगी. उन्हात तिला पाय अडकतील एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती टायरला भाकरीच्या पिठासारखी चिकटते.

द्राक्षबागांच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवा. बागेच्या कडेला मांडवाला ताण देणाऱ्या तारा तिरप्या जमिनीत गाडलेल्या असतात. क्वाडवर उभं राहून चालवणाऱ्याच्या छातीला, गळ्याला नेमक्या लागतील अशा उंचीवर. संध्याकाळी त्या दिसतच नाहीत. आणि जानेवारी ते एप्रिल, म्हणजे घड भरून काढणी होईपर्यंत, बागेजवळच्या कच्च्या रस्त्यावर धूळ उडवायची नाही. निर्यातीच्या मालावर मुरमाचा थर बसला तर शेतकरी दांडकं घेऊन येईल, आणि त्याचं बरोबरच असेल.

रस्त्यावर चालेल का? पासिंग होतं का?

स्पोर्ट एटीव्हीचं होत नाही. आपल्याकडे गाडीला आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते, मगच आरटीओ नोंदणी करतो. या गाड्यांना ती मान्यता नसते, कारण त्या बनवतानाच रस्त्यासाठी बनवलेल्या नसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ नुसार बिननोंदणीची गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. कॉलेज रोडला रात्री एक चक्कर मारली तर काय होतंय, असं ज्यांना वाटतं त्यांनी नोंदणी नाही म्हणजे विमाही नाही, एवढा एकच विचार करावा. कोणाला धडक बसली तर सगळं तुमच्या खिशातून.

आणि ते टायर डांबरावर धोक्याचेच आहेत. मऊ, फुगीर, खोल नक्षीचे. वर सलग एक्सल. डांबरावर मागचं चाक घसरत नाही, म्हणून गाडी वळताना उचलते आणि कलंडते.

४५० घेऊ का ७००?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ७०० असतं. आकडे बघू.

यामाहाची वायएफझेड४५०आर ४४९ सीसीची. रुंदी साधारण १२४० मिलिमीटर, पेट्रोल-ऑइलसकट वजन १८४ किलोच्या आसपास. पुढच्या चाकाला पावणेदहा इंचांहून किंचित जास्त, मागच्याला ११ इंच वर-खाली व्हायला जागा. २००९ पासून तिला फ्युएल इंजेक्शन आहे. हिला रिव्हर्स गिअर नाही.

त्याच घरची रॅप्टर ७००आर ६८६ सीसीची, २००६ पासून बाजारात. रुंदी ११७० मिलिमीटर, म्हणजे धाकटीपेक्षा ही अरुंद! वजन १९१ किलोच्या घरात. सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे तीच वर-खाली व्हायची जागा, पुढे ९ इंचांहून किंचित जास्त, मागे १० इंचांहून किंचित जास्त. रिव्हर्स आहे.

आता वाचा हे आकडे नीट. ४५० रुंद, हलकी, जास्त प्रवासाची. ती मोटोक्रॉसच्या, म्हणजे उंचवट्यांवरून उड्या मारत होणाऱ्या मातीतल्या शर्यतीच्या, ट्रॅकवर उड्या मारायला जन्माला आलीय. तिची ताकद वरच्या आरपीएमला येते. गिअर खाली-वर करत, इंजिन किंचाळत ठेवावं लागतं. ७०० अरुंद, खालच्या आरपीएमलाच ओढणारी. तिसऱ्या गिअरमध्ये टाकून दोन बांधांच्या मधल्या पाणंदीतून, ओढ्यातल्या गोट्यांतून आरामात नेता येते, आणि पुढे वाट बंद निघाली तर रिव्हर्स टाकून परत येता येतं. ४५० वर हीच वेळ आली तर उतरायचं, मागचा बंपर धरायचा आणि १८४ किलो ओढायचे. एप्रिलच्या उन्हात एकदा करून बघा.

माझं मत विचाराल तर आठवड्याचा बहुतेक वेळ ट्रेलवर, म्हणजे कच्च्या वाटांवर, जाणार असेल आणि उडी म्हणजे बांधावरून, छोट्या टेकाडावरून दोन-तीन फूट उंच जाणं असेल, तर ७००. स्वतःची जागा आहे, जेसीबी लावून टेबलटॉप (वर सपाट माथा असलेला उडीचा उंचवटा) बनवणार आहात, तर ४५०. आणि पहिलीच क्वाड असेल तर दोन्ही नकोत.

मग पहिली कुठली?

अडीचशे ते चारशे सीसी. होंडाची टीआरएक्स२५०एक्स ही शिकायला फार सोज्वळ गाडी. २२९ सीसी, हवेवर थंड होणारं इंजिन, आणि क्लच असा की दाबला नाही तरी चालतं, पण हवा तर वापरता येतो. रिव्हर्सही आहे. फक्त सस्पेन्शनचा प्रवास सहा इंचांच्या आसपास, त्यामुळे तिच्यावर उड्या मारायचा मोह आवरायचा.

भारतापुरतं बोलायचं तर सुझुकीनं २०१६ मध्ये क्वाडस्पोर्ट झेड४०० इथं अधिकृतपणे आणली होती, दिल्लीत एक्स-शोरूम साडेआठ लाखांना. बरोबर ओझार्क २५० ही होती, पण ती युटिलिटी प्रकारची. (नाशिककरांनी नावावरून आपल्या ओझरची म्हणून मिरवायला हरकत नाही.) झेड४०० ३९८ सीसीची, रिव्हर्स असलेली, समजूतदार गाडी आहे. सेकंडहँड सापडली तर मी पहिला विचार हिचाच करेन. एक गंमत सांगतो : हीच गाडी काही वर्षं कावासाकीनं केएफएक्स४०० म्हणून आणि आर्क्टिक कॅटनं डीव्हीएक्स४०० म्हणून परदेशात विकली. सुटे भाग शोधताना तिन्ही नावांनी शोधा.

चायनीज गाड्या रॅप्टरसारख्याच दिसतात, चौथाई किमतीत मिळतात. काय हरकत आहे?

दिसतात. ट्रेलवर हळू चालवणार असाल तर हरकत नाही, खरंच. उडी मारू नका. बाहेरून स्प्रिंग दिसते, पण आत तेलाचं डॅम्पिंग, म्हणजे झटका जिरवणारा अडथळा, नावालाच. पडली की गाडी चेंडूसारखी उसळते. वेल्डिंगचं मी बोलत नाही.

एकाच गाडीवर ट्रेल आणि उड्या, दोन्ही जमतील का?

जमतील, पण सेटिंग बदलावी लागेल. इथं थोडं खोलात जातो, कारण लोक एक्झॉस्टवर पन्नास हजार घालतात आणि शॉकअपच्या स्क्रूला कधी हात लावत नाहीत.

उडीतून पडताना नेमकं काय होतं ते बघा. गाडी एक मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर पडली आणि सस्पेन्शननं ते पाव मीटरमध्ये, म्हणजे जवळपास दहा इंचांत, जिरवलं, तर गाडी-माणसाच्या वजनाच्या सरासरी पाचपट जोर चाकांवर येतो. हाच हिशेब सहा इंचांचा केला तर तो साडेसात पटींच्या पुढे जातो. म्हणून सहा इंची गाडीवर उडी मारली की कंबर बोलते आणि दहा-अकरा इंचीवर बोलत नाही. उताराला समांतर उतरलात तर हाच जोर कितीतरी कमी होतो. सस्पेन्शन म्हणजे फक्त गाडीवरचं नव्हे, उतरायची जागा हेही सस्पेन्शनच.

चांगल्या शॉकअपला तीन-चार गोष्टी फिरवता येतात. प्रीलोड म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे. तुम्ही हेल्मेट, बूट, कवच असं सगळं घालून बसल्यावर गाडी एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश खाली बसायला हवी. त्यापेक्षा कमी बसली तर खड्ड्यात चाक खाली जायला जागाच उरत नाही. स्प्रिंग ठरावीक वजनाच्या माणसासाठी आलेली असते. तुम्ही पंचावन्न किलोचे असा नाहीतर पंच्याण्णव, कंपनीला ते माहीत नाही. टेप घेऊन मोजा, मित्राला मदतीला घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

कम्प्रेशन म्हणजे दबताना होणारा अडथळा. ट्रेलवर गोटे, मुळ्या, चाकोऱ्या यांच्यासाठी तो मऊ हवा, नाहीतर तासाभरात मनगटं सुजतात. उड्यांसाठी कडक हवा, नाहीतर शॉकअप तळाला आपटतो. रिबाउंड म्हणजे परत उसळतानाचा अडथळा, आणि उडीत माणसाला फेकतो तो हाच. मागचा रिबाउंड फार वेगवान असेल तर चढाच्या टोकावर मागचा भाग लाथ मारल्यासारखा वर येतो आणि गाडी नाकावर पडते. फार संथ असेल तर ओळीनं आलेल्या खड्ड्यांत शॉकअप परत उघडतच नाही, दर धक्क्याला खाली खाली बसत जातो. एका वेळी एकच स्क्रू, दोन क्लिक, मग एक चक्कर, आणि वहीत नोंद. आमच्यातला एक जण सगळं एकदम फिरवायचा आणि मग गाडीला शिव्या द्यायचा.

उडी शिकायची कशी?

टेबलटॉपवर. म्हणजे चढ, वर सपाट माथा, मग उतार. कमी पडलात तरी माथ्यावर उतरता. डबल म्हणजे दोन उंचवटे आणि मध्ये खड्डा. तिथं कमी पडलात तर दुसऱ्या उंचवट्याच्या नाकावर आपटता. माझं गळ्याजवळचं हाड (कॉलरबोन) असंच मोडलं आणि दीड महिना डाव्या हातानं जेवलो. चूक एकच, टोकावर घाबरून अंगठा उचलला.

कारण असं : चढावर थ्रॉटल एकसारखा ठेवायचा असतो. टोकावर अचानक सोडला तर पुढचा भाग खाली झुकतो. हवेत गेल्यावरही थोडं हातात असतं. थ्रॉटल दिला की मागची चाकं वेगानं फिरतात आणि नाक वर येतं, मागचा ब्रेक मारला की नाक खाली जातं. ब्रेक मारताना क्लच धरायला विसरू नका, नाहीतर इंजिन हवेतच बंद पडेल. पण ही दुरुस्तीची हत्यारं आहेत, नेहमीची पद्धत नव्हे. चढच नीट चढलात तर हवेत काही करावं लागत नाही.

उभं राहायचं, गुडघे आणि कोपरं वाकवलेली, नजर उतरायच्या जागेवर. चारही चाकं एकदम किंवा मागची किंचित आधी टेकावीत, आणि टेकताना थोडा थ्रॉटल चालू असावा. पहिले दोन दिवस चाकं जमिनीवरून उठूच देऊ नका, चढावरून नुसतं वर-खाली जा. मग सहा इंच. मग एक फूट. आमच्याकडे घाईनं तीन फुटांवर गेलेले दोघं आता गाडी विकून बसलेत.

टेबलटॉपचा चढ लांब आणि हळूहळू चढणारा ठेवा. जेसीबीवाला कायम उभा चढ करतो, कारण त्याला कमी माती लागते. शेजारी उभं राहून करून घ्या. आणि मुरूम पाणी मारून, दाबून, आठवडाभर बसू द्या.

मी पंधरा वर्षं बुलेट चालवतो, डर्ट बाईकही चालवलीय. क्वाड सोपीच असेल ना?

चार चाकं आहेत, पडत नाही, हा समज काढून टाका. बाइकवाल्याच्या अंगात तीन सवयी असतात आणि तिन्ही इथं नडतात.

एक, पाय खाली टाकणं. बाइकवर तोल गेला की पाय आपोआप जमिनीवर जातो. क्वाडवर तो पाय मागच्या टायरखाली जातो आणि गाडी तुमच्याच पोटरीवरून चढते. म्हणून बाजूला नर्फ बार (पाय चाकाकडे जाऊ न देणारा दांडा) आणि टाचेमागची जाळी लागते. पाय फूटरेस्टवरच. दोन, थ्रॉटल पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्यानं दाबायचा असतो. घाबरल्यावर माणूस मूठ आवळतो, आणि मुठीबरोबर अंगठाही दाबला जातो. तीन, वळणावर बाइक स्वतः कलते. क्वाड कलत नाही, तुम्हाला कलावं लागतं. कडेच्या उतारावर आडवं जाताना तर शरीर पूर्ण डोंगराकडे टाकावं लागतं.

टायर आणि हवा?

हवा हा क्वाडवरचा सगळ्यात स्वस्त ट्यूनिंगचा भाग आहे. मोटारसायकलसारखे तीस पीएसआय भरलेत तर गाडी दगडावरून उडत राहील. इथं आकडा चार ते सहाच्या आसपास असतो, नेमका गाडीच्या पुस्तकात बघा. पंपावरच्या मशिनला एवढा कमी दाब नीट कळत नाही, म्हणून शून्य ते दहा-पंधरा पीएसआयचा वेगळा गेज आणि सायकलचा पंप जवळ ठेवा. मागच्या दोन टायरांत अर्ध्या पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते.

आपल्याकडे बेसॉल्ट दगड, कडा धारदार. रेसचे पातळ दोन-प्लायचे (दोन थरांचे) टायर एका दिवसात फाटतात. ट्रेलसाठी सहा-प्लायचे घ्या, पुढे २२ इंच उंचीचे, मागे २० इंच. मोटोक्रॉसचे मागचे टायर १८ इंची असतात. त्यानं गाडी बसकी होते, ट्रॅकवर छान वळते, पण ओढ्यात पोट घासतं.

सेकंडहँड घेताना काय बघू?

बहुतेकांना सेकंडहँडच घ्यावी लागते, म्हणून हे सविस्तर.

आधी कागद. गाडीला आरसी बुक नाही, म्हणजे मालकीचा पुरावा काय? मूळ बिल आणि बाहेरून आलेली असेल तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री. त्यावरचा आणि फ्रेमवरचा चेसिस नंबर एकच आहे का, हे खडू घासून वाचा. "कागद नंतर पाठवतो" म्हटलं की चहा प्या आणि निघा.

गाडी थंड असताना पोचा. विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवली असेल तर काहीतरी लपवतोय. मागचा भाग जॅकवर उचला आणि चाक हातानं फिरवा. एक्सल वाकला असेल तर ब्रेक डिस्क डुलताना दिसते. चाक वर-खाली धरून हलवा, कटकट आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग गेलंय. आडवं झोपून फ्रेमच्या खालच्या नळ्या, ए-आर्मचे कान आणि मागच्या शॉकअपचा वरचा टेकू बघा. ताजा रंग एखाद्याच जागी असेल तर त्याखाली वेल्डिंग असतं. ड्रेन बोल्ट काढून ऑइल बोटावर घ्या, चमचम दिसली तर सौदा विसरा. एअर फिल्टर काढून आतल्या नळीत बोट फिरवा. तिथं धूळ लागली तर इंजिननं माती खाल्लीय.

हे सगळं मला कळलं ते पहिल्या गाडीवर पैसे घालवून. विक्रेता गोड बोलणारा होता, प्लॅस्टिक नवं कोरं होतं, स्टिकर झकास होते. नाशिकला आणून जॅकवर घेतली तर एक्सल वाकलेला, खालचा ए-आर्म जोडलेला. प्लॅस्टिक बघून क्वाड घेणं म्हणजे रंग बघून बैल घेणं.

मोडलेला एक्सल किंवा ए-आर्म वेल्ड करून कोणी देत असेल तर घेऊ नका, नवाच बसवा. पण खालची स्किड प्लेट मात्र सातपूर-अंबडच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्याची उत्तम होते. पुठ्ठ्याचा साचा कापून न्या.

मुलासाठी घ्यायचीय. तो बारा वर्षांचा आहे, बाइक येते त्याला.

त्याला बाइक कशी येते हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवतो. मोठ्या गाड्यांवर कंपन्या सोळा वर्षांखालील मुलांनी चालवू नये असं स्पष्ट लिहितात. मुलांसाठी ५० आणि ९० सीसीच्या वेगळ्या गाड्या असतात, ५० सीसी सहा वर्षांपुढे, ९० सीसी दहा-बारापुढे. बहुतेक छोट्या गाड्यांना थ्रॉटलला स्क्रू असतो, तो आवळून वेग मर्यादित ठेवता येतो. वजन हा खरा मुद्दा आहे. चाळीस किलोचा मुलगा १८० किलोची गाडी अंग झोकून वळवू शकत नाही, आणि ती अंगावर आली तर ढकलूही शकत नाही.

रस्त्यावर नेली तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९अ आहे. अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड.

मागे बायकोला बसवता येईल का?

नाही. सीट लांब आहे ती तुम्हाला पुढे-मागे सरकायला.

मेंटेनन्स किती?

किलोमीटरवर नाही, तासांवर मोजा. स्वस्तातला तासमोजणी मीटर लावून टाका. एअर फिल्टर फोमचा असतो. मुरमाच्या धुळीत प्रत्येक दिवसानंतर धुवायचा, पूर्ण वाळवायचा, फिल्टरचं तेल लावून पिळायचा. पेट्रोलनं धुऊ नका, फोमचे जोड सुटतात. दोन फिल्टर ठेवले की घाई होत नाही. इंजिन ऑइल वेळेआधीच बदला, ४५० च्या इंजिनात ते जेमतेम दीड-दोन लिटर असतं आणि तेच क्लचलाही लागतं. व्हॉल्व्ह क्लिअरन्स पुस्तकात दिलेल्या तासांना तपासून घ्या. त्यासाठी मोटारसायकलचा चांगला मिस्त्री चालतो, फक्त त्याला सर्व्हिस मॅन्युअल छापून द्या.

वॉशिंग सेंटरवर प्रेशर गन बेअरिंगवर आणि एअरबॉक्सवर मारू देऊ नका. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं घाला, ४५० चं कम्प्रेशन जास्त असतं. आणि आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर गाडी पावसाळाभर उभी ठेवणार असाल तर टाकी आणि, असेल तर, कार्ब्युरेटर रिकामा करा. इथेनॉल पाणी ओढतं, मग दसऱ्याला पूजा होते पण गाडी चालू होत नाही.

न्यायची कशी?

छोटा हत्ती. त्याचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद, त्यात ४५० किंवा ७०० निवांत बसते. चढवायला दोन रुंद फळ्या हव्यात आणि त्या हौद्याला पट्ट्यानं बांधलेल्या हव्यात. फळी मागे सरकली की गाडी उलटी तुमच्यावर येते. रॅचेट बेल्ट चार, पुढचे दोन तिरपे, गिअरमध्ये टाकून आणि हँडब्रेक लावून. दोरीवर विश्वास ठेवू नका, घाटात ती ढिली होते.

पावसाळ्यात?

इगतपुरी-त्र्यंबकला विसरा. धुकं, निसरडा खडक आणि सगळीकडे पर्यटक. सिन्नरच्या मुरमावर मात्र पाऊस उघडून दोन दिवस झाले की वर्षातली सगळ्यात छान राइड मिळते. धूळ नाही, पकड उत्तम. ऊन उतरायच्या आत परत फिरा. उसाच्या बाजूला बिबट्या असतो, आणि हेल्मेटमधून आपल्याला काही ऐकू येत नाही.

सेफ्टी गिअरवर किती घालू?

गाडीच्या किमतीतून आधी हे पैसे बाजूला काढा, उरतील त्यात गाडी बघा. हनुवटी पुढे असलेलं मोटोक्रॉस हेल्मेट, गॉगल, नडगीपर्यंतचे बूट, छाती-पाठीचं कवच, गुडघ्याचे पॅड, ग्लोव्हज. उड्या मारणार असाल तर मानेचं ब्रेसही. बूट सगळ्यात आधी, कारण घोटा सगळ्यात आधी मोडतो. मनगटाला बांधायची किल स्विचची दोरी काही शे रुपयांना येते. तुम्ही पडलात की इंजिन बंद. ती नसेल तर आमच्या रानात गाडी चालू करू देत नाही. आणि एकट्यानं जाऊ नका. मोबाइलला रेंज नसते अशा जागा सिन्नरजवळही आहेत.

स्पर्धा असतात का?

आपल्याकडे मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संस्था एफएमएससीआय. नाशिकला रॅली आणि सुपरक्रॉसचं वेड जुनं आहे, पण ते मोटारींचं आणि बाइकचं. क्वाडचे स्पर्धक फार कमी. जगातही वारं बदलतंय. डकार रॅलीत २०२४ ला मॅन्युएल आंदूहारनं रॅप्टर ७०० वर क्वाडचा गट जिंकला आणि २०२५ पासून तो गटच बंद झाला. रेस करायचीच असेल तर डर्ट बाइक घ्या, हे मी क्वाडवेडा असूनही सांगतो.

घ्यायच्या आधी एकदा चालवून बघता येईल का?

ओळखीच्या कोणाची असेल तर त्याच्या रानात, सपाट जागेवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासभर चालवा. आठाच्या आकड्यात फिरवा, दोन्ही बाजूंनी. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर उजवा अंगठा, दंड आणि मांड्या दुखत असतील आणि तरीही परत जावंसं वाटत असेल, तर जागा शोधायला लागा. आमच्याकडे आलात तर चप्पल घालून येऊ नका. मागच्या महिन्यात तिघं आले होते, तिघांनाही नुसता चहा पाजून परत पाठवलं.